बाद केल्याचा कागद

ये गं तनू, जरा अशी जवळ सरक. तो मोबाईल पालथा घाल आणि ऐक. सरक म्हणते खरी, पण तू बसलीस तिकडं सांगलीत विश्रामबागेत आणि मी कडेगावाजवळच्या आपल्या गावात, सोप्यात, वही मांडीवर घेऊन. तेव्हा कागदावरच सरक. माझा थोडा रागच आहे तुझ्यावर. परवा तू फोनवर ऑलिम्पिकमधल्या त्या पाच पोरींचा व्हिडिओ दाखवलास. पाचीजणींनी पाच फिती एकदम वर फेकल्या आणि एकमेकींच्या झेलल्या. मी आपलं म्हटलं, "ती तिसरी पोरगी दम जरा उशिरा घेतीय बघ," तर तू म्हणालीस, "आत्या, तुला गं यातलं काय कळतं?" आता तुझं चुकलं असंही नाही, तुला कुणी सांगितलंच नाही. तुला ऑलिम्पिकला जायचंय, खुशाल जा, माझा आशीर्वाद आहे. पण आपल्या घरातून या खेळात उतरणारी तू पहिली नव्हेस. तुझी आजी, म्हणजे माझी हौसाकाकू, तुझ्याआधी उतरली होती आणि सांगलीच्या भर मैदानात बाद झाली होती. मी तिच्याबरोबरच होते. बरोबर कसली, एकाच दोरीत तिला बांधलेली होते.

मी तेव्हा आठवीत. आपलं घर तेव्हा आवाजानं जागं व्हायचं. आधी आईच्या भाकरीचा थप थप थप, मग बैलांच्या गळ्यातल्या घुंगुरमाळा, मग वडिलांचं खाकरणं, आणि गळिताचे दिवस असले की ओढ्यापलीकडच्या गुऱ्हाळाच्या इंजिनाचं टुकटुक. वाऱ्यानं तोंड फिरवलं की सगळ्या घराला काकवीचा वास लागायचा, इतका की नुसती भाकरी खाल्ली तरी गोड लागावी. ताटात मात्र काकवी कमी आणि ठेचा जास्त. हौसाकाकू चुलीपुढं बसून माझं इतिहासाचं पुस्तक वाचायची. लग्न झालं तेव्हा ती नववीत होती आणि नववी तिथंच राहिली. शंकरकाका, म्हणजे तुझे आजोबा, हळदीच्या अंगानं पलटणीत परत गेले, आणि काकू आमच्यात राहिली एकोणीस वर्षांची, उंचच्या उंच, घरात कुठंही उभी राहिली तरी फळीवरचा डबा काढायला बोलावलेली वाटावी अशी. आई तिला म्हणायची, "हौसे, भाकरी करपली बग, तुजा शाहिस्तेखान जाऊंदे मरू." आणि काकू म्हणायची, "आवं जाऊबाई, त्याची बोटंच तुटलीत निस्ती, मरतोय कशाचा."

आमच्या शाळेत मुलग्यांना खेळाचा तास होता आणि मुलींना त्याच वेळी शिवणाचा. बाहेर कबड्डीचा दम घुमायचा आणि आत आम्ही उशीच्या अभ्र्यावर 'सुस्वागतम्' भरायचो. उशीवर सुस्वागतम् कशाला, हे मला आजतागायत कळलेलं नाही. माझ्या अभ्र्यातला 'ग' राहून गेला आणि बाईंनी तो सबंध उसवायला लावला. तर त्या वर्षी आमच्याकडं नवे खेळाचे मास्तर आले. पलटणीतून हवालदार म्हणून पेन्शनीत आलेले, मिशा तलवारीगत आणि मन लोण्यागत. त्यांनी हेडमास्तरांकडं हट्ट धरला की पोरींनाही खेळाचा तास पायजे. हेडमास्तर कबड्डीचे भक्त. ते म्हणाले, "देतो. पण वर्षात मुलींनी काही आणून दाखवावं. कप नको, ढाल नको, निदान शिक्का मारलेला एक कागद आणा. नाही आला, तर तास परत शिवणाला." म्हणजे बघ, आमचं सगळं खेळणं एका कागदाला टांगलेलं. मला रात्रंदिवस एकच धास्ती. कागद नाही आला तर परत तो अभ्रा, परत तो ग.

आणि मग परिपत्रक आलं. सांगलीला शालेय स्पर्धा होत्या, त्यात मुलींसाठी एक नवीनच खेळ काढला होता. मास्तरांनी आम्हाला ओट्यावर बसवून ते मोठ्यानं वाचलं, त्यातल्या तीन ओळी मला अजून पाठ आहेत. 'प्रकार : लयबद्ध सांघिक व्यायाम. साधन : दोरी. खेळाडू : पाच.' बास, एवढंच. मास्तरांनी ते दोनदा वाचलं, मिशीवर बोट फिरवलं आणि विचारलं, "पोरींनो, बद्ध म्हंजे काय?" मी पहिल्या बाकावरची शहाणी. मी म्हटलं, "बांधलेलं, मास्तर." "बराबर. आणि लय म्हंजे?" आता लय म्हंजे काय हे सातारा-सांगलीत कुणी कुणाला विचारावं? सगळ्या एका सुरात ओरडलो, "लय म्हंजे लय!" मास्तर म्हणाले, "शाब्बास. लय बद्ध. म्हंजे लय बांधायचं. दोरी सरकारनं सांगितलीच हाय, पोरी पाच सांगितल्यात. हिशेब चोख हाय." तू हसशील, पण मला सांग, यात चूक कुठं आहे? एकेक शब्द तपासून बघ. गाण्यातली लय ज्यांना ठाऊक होती त्या मराठीच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर होत्या. बाईंना त्या साली मूल झालं नसतं, तर ही वही मी लिहिलीच नसती.

दोरी आमच्या घरचीच नेली. वडिलांचा नवा कासरा, नुकताच आटपाडीच्या बाजारातून आणलेला, बैलाच्या अंगाला दोन दिवस लागलेला. मास्तरांनी आम्हा पाचजणींच्या कमरेला तो एकीपाठोपाठ एक बांधला, मध्ये हातभर अंतर सोडून. मी, रखमा, कुसुम, मालन आणि टोकाला शेवंता. गाठी पलटणीतल्या. ओढलं की आवळणाऱ्या आणि मास्तरांशिवाय कुणाच्या बापाला न सुटणाऱ्या. मग सुरू झाला व्यायाम. "एक! दो! दायें मुड!" मी उजवीकडं, रखमा डावीकडं, आणि पाचीजणी मातीत. पहिले आठ दिवस आम्ही नुसत्या पडत होतो. एकीला शिंक आली तर पाचीजणी हलायच्या. एकीला लघवीला लागली तर पाचीजणींनी जायचं, आणि चौघींनी पाठ करून उभं राहायचं. एकदा तर मास्तर आम्हाला बांधून टपालकचेरीत गेले आणि तिथं कुणी पलटणीतला गाठ पडला. मास्तर चहात रमले. आम्ही ताटकळलो, भुकावलो, मग तशाच बांधलेल्या गावातून चालत आमच्या घरी आलो. आमच्या मागं आमचा बैल. कासऱ्याला त्याचा वास, त्याला वाटलं आपल्यालाच न्यायला आल्यात.

आईनं दारात आम्हाला पाहिलं आणि हातातलं पीठ खाली सांडलं. "आगं बया! कुनी धरून आनलं गं तुमास्नी?" मी म्हटलं, "आई, खेळ हाय ह्यो, सरकारी." आई म्हणाली, "व्हय, सरकारीच दिसतोय." मग आम्ही ओळीनं बसलो आणि आईनं पाच ताटं मांडली. भाकरी, ठेचा, आणि वाटीभर दूध. रखमा घास घ्यायला वाकली की माझा घास तोंडाऐवजी कानाकडं जायचा. शेवटी हौसाकाकू म्हणाली, "आसं न्हवं. मी म्हंते तवा समद्यांनी घास घ्यायचा. हं, घे. हं, चाव." आणि तनू, त्या दिवशी पहिल्यांदा आम्ही पाचीजणी एकदम हाललो. घास एकदम, पाणी एकदम, उचकीसुद्धा एकदम. वडील शेतातनं आले ते "माझा कासरा कुठाय?" विचारत, आणि पाच पोरींच्या कमरेला बघून परसात हात धुवायला गेले. त्या दिवशी औत जुंपलं नाही. नंतर आईला एवढंच म्हणाले, "बैल मोकळा आन पोरी दाव्याला. चालूंद्या."

तिथनं काकू आमच्यात शिरली. शेवंताची आई तिला दर दुसऱ्या दिवशी उसाच्या भांगलणीला, तण काढायला ओढून न्यायची, आणि पाचवी नसली की दोरीचं टोक लोंबायचं, माप चुकायचं. काकू घागर घेऊन शाळेजवळच्या आडावर यायची. एक दिवस घागर तिथंच ठेवून मास्तरांना म्हणाली, "मी निस्ती मापाला हुबी ऱ्हाती." मास्तर म्हणाले, "मापाला चालंल." ती मापाला उभी राहिली आणि महिनाभर मापालाच उभी राहिली. घरी आई विचारायची, "पाण्याला येवडा येळ?" तर म्हणायची, "आडावर लय गर्दी." तिचं अंग कसं वळायचं गं! वाकली तर पुरती वाकायची, आणि उठताना दोरीतून असा एक झोल यायचा की तो आमच्या पोटात कळायचा. बघायचं कशाला, सगळ्या कमरेनंच ऐकायच्या. माणसाचा दम आधी पोटात हलतो आणि मग छातीत, हे मी त्या कासऱ्यात शिकले. म्हणून त्या ऑलिम्पिकच्या तिसऱ्या पोरीचं मला कळलं. असो.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी शेवंताला गालगुंड झालं. दोन्ही गाल पुरीसारखे टम्म. एसटी सुटायला अर्धा तास, आणि नियम पाचाचा. चौघी असल्या तर मैदानात पायच ठेवायचा नाही. मला तर रडूच फुटलं. डोळ्यापुढं तो अभ्रा नाचायला लागला. काकू आमच्यासोबत येणारच होती, कारण बाईमाणूस बरोबर असल्याशिवाय वडील पाठवणार नव्हते. मास्तरांनी तिच्याकडं बघितलं, तिनं मास्तरांकडं बघितलं. मास्तर म्हणाले, "मापाला?" काकू म्हणाली, "मापाला." शेवंताचा निळा स्कर्ट तिला गुडघ्याच्या वर वीतभर झाला. म्हणून खालून शंकरकाकांची पलटणीतली पायजमा-पँट घातली. मंगळसूत्र पोलक्यात आत घेऊन पिन लावली. ते काढ म्हणायची कुणाची छाती नव्हती. आईनं मेथीच्या लाडवांचा डबा दिला आणि काकूला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाली, "आडावर लय गर्दी व्हय गं?" आणि मग वळता वळता हळूच, "पडू नगो."

सांगलीच्या मैदानावर चुन्यानं आखलेला चौकोन होता. आम्ही मात्र आल्या आल्या एका लिंबाखाली उभं राहून आधी बांधून घेतलं. आणि मग बघतो तर शहरातल्या शाळेच्या पाच पोरी, पांढऱ्याफेक कपड्यांत, प्रत्येकीच्या हातात वेगवेगळी नाजूक दोरी, आणि त्या आपल्या मोकळ्या नाचतायत, उड्या मारतायत, दोरी वर फेकून झेलतायत. मास्तर आधी घाबरेघुबरे होऊन त्यांच्या बाईंकडं धावले. "बाई, आवं, तुमच्या पोरी सुटल्यात!" बाई म्हणाल्या, "सुटल्यात म्हणजे?" "म्हंजे बांधलेल्या न्हाईत." बाईंनी मास्तरांकडं बघितलं, मग मास्तरांच्या खांद्यावरून आमच्याकडं बघितलं. त्या काय बोलल्या ते आम्हाला ऐकू आलं नाही. पण परत येताना मास्तरांच्या मिशांची टोकं खाली होती. ते आमच्यापुढं उभे राहिले आणि म्हणाले, "पोरींनो, माज्याकडनं चूक झाली. लय म्हंजे लय न्हवं." त्यांनी गाठी सोडायला हात घातला. आणि काकूनं त्यांचा हात धरला. तिनं परपुरुषाचा हात धरलेला मी त्या एकदाच पाहिला. "मास्तर, सोडू नगा. सुटलो तर आमाला काय बी येत न्हाई."

आमचं नाव पुकारलं. संघ एकूण तीनच होते, तेव्हा पडलो-धडपडलो तरी तिसरा नंबर आणि कागद ठरलेला. फक्त चौकोनात जाऊन यायचं होतं. आम्ही गेलो, पाच पोरी एका कासऱ्यात, आणि लोकांत असा हशा उठला की झाडावरचे कावळे उडाले. संगीत आमच्याकडं नव्हतंच. मास्तरांनी लाडू रुमालात ओतले आणि डबा पालथा करून त्यावर ठेका धरला. पहिला ठेका पडला आणि दोरीतून काकूचा झोल आला. पुढचं मला सांगता येत नाही बघ, कारण मी काही केलंच नाही, ते माझ्याकडून झालं. वाकलो, वळलो, एक पाय उचलला, बसलो, उठलो, एकमेकींभोवती गुंडाळत गेलो आणि परत उलगडलो, साडीची घडी उलगडावी तशा. कधीतरी हसणं थांबलं. नुसता डब्याचा आवाज राहिला आणि काकूच्या जोडव्यांचा, जी काढायला आम्ही विसरलो होतो.

परीक्षक बाई साताऱ्याच्या होत्या, जाड भिंगांच्या, कडक. त्यांनी आम्हाला टेबलापुढं बोलावलं, तशाच बांधलेल्या. कारकून प्रमाणपत्रं लिहायला बसला. तिसरा क्रमांक! मी त्या दौतीकडं बघत होते, की आता माझा तास त्यातून निघणार. कारकून विचारत गेला, पूर्ण नाव? कुमारी इंदू अमुक अमुक, ती मी. कुमारी रखमा. कुमारी कुसुम. कुमारी मालन. आणि पाचवी? काकूला वाटेत शेवंताचं नाव दहा वेळा पढवलं होतं. पण त्यानं वर न बघता विचारलं, "पूर्ण नाव सांगा." आणि काकूचा हात आपोआप डोक्याकडं गेला. पदर नव्हता, तर तिनं कासऱ्याचं लोंबतं टोकच डोक्यावर घेतलं, मान खाली घातली आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

"सांगलीला लाभला कृष्णामाईचा काठ,
शंकररावांचं नाव घेते, सोडा माझी गाठ!"

टाक खाली पडला. कारकून ओरडला, "बाई, ही सौभाग्यवती आहे!" मी मनात म्हटलं, संपलं. सुस्वागतम्. मागून मला तिचा श्वास कळत होता, तो अडकला होता. पूर्ण नावात नवऱ्याचं नाव आलं, आणि ते घ्यायचं तर उखाण्यातच, हे तिच्या हाडात होतं. शेवंता तर तिच्या नुसती जिभेवर होती. परीक्षक बाईंनी चष्मा काढला. "हे काय आहे? आणि तुम्ही बांधलेल्या का आहात?" मास्तरांनी टाचा जुळवल्या आणि सगळं सांगितलं, बद्ध म्हणजे काय आणि लय म्हणजे काय, अगदी मराठीच्या बाईंच्या बाळंतपणासकट. बाई आधी ओठ चावत होत्या, मग त्यांनी तोंडाला पदर लावला, मग त्या टेबलावर डोकं ठेवून हसल्या. डोळे पुसून म्हणाल्या, "मला तुम्हाला बाद करावं लागेल. नियम आहे."

आणि तिथं तुझी आजी बोलली. "बाद तर बाद. पर कागद द्या." "कसला कागद?" "बाद केल्याचा. आमच्यात तोंडी बाद चालत न्हाई. लिव्हून द्या, शिक्का मारून द्या. आन पाचवं नाव माजं लिव्हा, शेवंताचं नगं. पडली-उठली मी, नाव तिचं का म्हून?" बाईंनी चष्मा परत घातला. मग कारकुनाच्या हातातनं टाक काढून घेतला आणि स्वतः लिहिलं. निघताना पर्समधून कंदी पेढे काढून आमच्या हातावर ठेवले, एकेक. आम्ही ते एकदम खाल्ले. गाठी सोडायला मास्तरांना एसटीत विट्याच्या फाट्यापर्यंत वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी कागद मोठ्यानं वाचला. 'खालील पाच खेळाडूंचा संघ बाद करण्यात येत आहे. कारण पहिले : एक खेळाडू विवाहित. कारण दुसरे : सर्व खेळाडू एकमेकींस कासऱ्याने बांधलेल्या. शेरा : पाचही जणींच्या हालचालींत तसूभर फरक आढळला नाही.' खाली नावं, चार कुमारी आणि पाचवी 'सौ. हौसाबाई शंकर', आणि त्याखाली गोल जांभळा शिक्का. हेडमास्तर म्हणाले, "अहो, हा बाद केल्याचा कागद आहे!" मास्तर म्हणाले, "सायेब, तुमी कागद म्हनला हुता. कसला त्ये न्हवतं म्हनला. शिक्का हाय का न्हाई?" हेडमास्तरांनी कागद उलटा केला, सुलटा केला, उजेडात धरला. शिक्का होता. तास राहिला. माझा तो अभ्रा 'ग'शिवायच राहिला, तो राहिलाच.

शंकरकाका सुट्टीवर आले तेव्हा काकूनं कागद त्यांच्यापुढं ठेवला आणि स्वतः चुलीमागं लपली. त्यांनी दोनदा वाचला. म्हणाले, "इतकी वर्सं पलटनीत काढली, मला असा शेरा कुनी दिला न्हाई." मग कागदाची घडी घालत, "आन माजी पँट कुठाय?"

तर असं आहे तनू. कागद अजून काकूच्या पेटीत आहे, कासरा माझ्याकडं. लग्नानंतर आम्ही पांगलो, कुणी साताऱ्याला, कुणी कराडला, पण दर दिवाळीच्या पाडव्याला आम्ही पाचीजणी आपल्या अंगणात कमरेला कासरा बांधतो आणि डब्याच्या ठेक्यावर पुन्हा तसंच वाकतो-वळतो. आता तीन गुडघे बदललेले आहेत आणि कुसुमला डाव्या कानानं ऐकू येत नाही, पण तिला कानाची गरजच काय. फक्त औंदा मालन गेली. कुसुमच्या आणि काकूच्या मधली जागा. तिथं दोरी नुसती लोंबते आणि काकूचा झोल तिथं येऊन थांबतो, माझ्यापर्यंत पोचतच नाही. शेवंता तयार आहे म्हणा, किती वर्षं झाली तयार आहे, पण काकू म्हणते, "तिचा काय भरवसा न्हाई, ऐन येळंला गालं फुगत्यात."

म्हणून सांगते, तुझा तो सराव, त्या फिती, ते ऑलिम्पिक, सगळं होईल. पण आधी एकदा इकडं ये. विट्याच्या गाडीत बस, फाट्यावर उतर, मी उभी असते. मेथीचे लाडू केलेत, डबा रिकामा करायला माणूस पाहिजेच आहे. काकू रोज विचारते, "तनी कवा येनार?" तिला मी सांगितलंय, येईल. आम्ही चौघी आहोत गं, आणि नियम पाचाचा आहे. लवकर ये. निदान मापाला तरी ये.